ओलं राहू दे थोडं

मी कळमन्याच्या बाजारातून संत्री घेऊन परतत होते तेव्हा सुनंदाच्या नवऱ्याचा, विलासरावांचा फोन आला. "ताई, सुनंदा गेली. सकाळी चहा घेता घेता..." मी गाडी कडेला लावली. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून दवाखाना बंद केला होता, आणि उद्या रविवार म्हणून ती खुशीत होती.

सुनंदा उमरेडच्या विणकर घरातली. डेंटल कॉलेजात आमची ओळख झाली आणि पुढे जरीपटक्यात दोघींनी दवाखाना थाटला. दाढ काढणं, रूट कॅनाल माझ्याकडे; तुटलेला दात पुन्हा उभा करायचा असला की पेशंट तिच्या खुर्चीवर. त्या कामात तिला घाई खपत नसे. दात तुटला की वरचं कडक एनॅमल आणि आतलं पिवळसर डेंटिन, दोन्ही उघडी पडतात, आणि दोघांचे स्वभाव निराळे. दोन्हींना आधी आम्ल लावायचं, म्हणजे बारीक छिद्रं पडतात आणि चिकटवायचा द्रव त्यांत शिरून धरून बसतो. पण एनॅमल धुतल्यावर खडूसारखं पांढरं दिसेस्तोवर वाळवावं लागतं. डेंटिन तसं वाळवलं तर त्यातले धागे एकमेकांवर निजतात, द्रवाला वाटच उरत नाही. "ओलं राहू दे थोडं," ती मला म्हणायची. "पाण्यातली सुताची लडी मोकळी तरंगते, बाहेर काढली की चिकटते. घरी पाहिलं आहे मी."

एकदा कन्हानहून माधुरी नावाची मुलगी आली. कुठेतरी पडल्यानं समोरचा दात तुटलेला, आणि विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे सगळ्याच दातांवर तपकिरी डाग. अशा एनॅमलवर आम्ल नीट काम करत नाही. दुसऱ्या दवाखान्यात बसवलेला तुकडा दोनदा निघाला होता, आणि शाळेतल्या नोकरीसाठी तिची मुलाखत जवळ आली होती.

"मॅडम, आता निंगला तं मी मुलाखतीलेच जात नाही."

"बस तं खरी," सुनंदा म्हणाली. "काहून घाबरून राहिली वं?"

सुनंदानं डागाचा थर हलकेच घासला, आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं, थुंकी लागू नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा ताणला. एनॅमल वाळवलं, डेंटिनवरचं पाणी मात्र कापसाच्या बोळ्यानं नुसतं टिपून घेतलं. मग द्रव, तो घट्ट करणारा निळा प्रकाश, आणि दाताच्या रंगाच्या मसाल्याचे एकावर एक थर. शेवटच्या थरात तिनं मुद्दाम थोडी तपकिरी छटा दिली.

"डाग कायले ठेवला मॅडम?" माधुरीनं आरशात पाहत विचारलं.

"बाजूच्या दातासारखा दिसाले पाहिजे ना."

"टिकन ना पण?"

"टिकावा असंच केलं आहे. नाही टिकला तं परत ये. परत बसवून देईन."

ती गेल्यावर मी सुनंदावर चिडले. बिचारीला नुसतं हो म्हणायला काय जात होतं? सुनंदा हात धूत होती. "मले माहीत नाही ते मी कसं सांगू?" एवढंच बोलली.

माधुरी मुलाखतीला गेली. ती नोकरी तिला मिळाली नाही, पुढे दुसऱ्या शाळेत मिळाली. काही वर्षांनी ती आली, तेव्हा त्या दाताचा एक कोपरा झिजला होता. सुनंदानं मला हाक मारून बोलावलं. जोडावर कुठे फट नव्हती, तपासायची सुई कुठे अडकत नव्हती... आम्ही दोघी वाकून पाहत राहिलो. त्या दिवशी दुपारचा डबा तिनं मलाच जास्त वाढला.

आता मे लागला आहे. दवाखान्याच्या खिडकीत कूलर घरघरतो. त्याची दमट हवा जोडाला बाधते म्हणून तुकडा बसवताना सुनंदा तो बंद करायची आणि घामाघूम होत काम करायची. मी माझ्या खोलीतून उकाड्यानं कुरकुरायचे. तिचे पेशंट आता माझ्याकडे येतात. परवा एका काकांचा तुटलेला दात बांधायला घेतला आणि उठून कूलर बंद केला.

"काहून बंद केला बाई? केवढं ऊन तापून राहिलं."

"थोडं सोसा, काका."

घरघर थांबली तशी खोली एकदम शांत झाली... कपाळावर घाम जमू लागला. मी दिवा जवळ ओढला आणि कामाला लागले.