एनिडचा न चुरगळणारा ड्रेस

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावरच्या एका गल्लीत एनिड क्रॅबट्री राहायची. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, हे तिचं लग्न झाल्यापासून ठरलेलं. त्यामुळे एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात नवऱ्याने, हॅरल्डने, बाजारातून क्रिम्प्लीन नावाच्या नव्या कृत्रिम कापडाचा पिवळा ड्रेस आणला तेव्हा तिचा विश्वासच बसेना. साबणाच्या पाण्यातून काढायचा, टांगायचा, वाळला की घालायचा. इस्त्रीचं नाव नको.

"आता मंगळवारी माझ्याबरोबर फिरायला यायचं," हॅरल्ड म्हणाला. तो बसचा ड्रायव्हर होता, मंगळवारी त्याला सुट्टी असायची.

ऑक्टोबरात डेपोतच त्याचं हृदय बंद पडलं.

दफनाला एनिडने शेजारणीचा काळा कोट घातला. रडू आलं नाही. घरी आल्यावर कोट परत केला आणि आतला पिवळा ड्रेस तसाच अंगावर राहिला. त्यातच ती खुर्चीत झोपायची. उठली की कापडावर एक चुणी नसायची. कधी धुतलाच तर वाळेपर्यंत हॅरल्डचा ओव्हरकोट घालून बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, बरी आहे.

बायकांचं मत पडलं की एनिडने छान सावरलंय, बघा कशी टापटीप असते. एक-दोघी कुजबुजल्या, नवरा जाऊन महिना नाही आणि ही लिंबासारखी पिवळी. दोन्ही तिच्या कानावर आलं. आत काही हललं नाही.

नाताळाच्या आधी ब्लॅकपूलहून नणंद आली, मेव्हिस. दारातच तिने एनिडला मिठी मारली, तेव्हा त्या गुळगुळीत कापडाखाली हाताला नुसती हाडं लागली. मग तिने फडताळ उघडलं. शेजाऱ्यांनी दिलेलं खाणं बुरशी धरून पडलं होतं. शेगडीत राखही जुनीच.

"शेवटचं कधी जेवलीस?"

"आठवत नाही." एनिडने ड्रेसवरून हात फिरवला. "मेव्हिस, मला काहीच वाटत नाही गं. माझा नवरा होता ना तो?"

"माझा भाऊ होता," मेव्हिस म्हणाली. "मलाही अजून काही वाटत नाहीये. बस, अंडी उकडते."

मेव्हिस तिला ब्लॅकपूलला घेऊन गेली. तिचं समुद्राकाठी छोटंसं गेस्ट हाउस होतं. तिथे एनिड खाटा आवरू लागली, नाश्त्याच्या बशा धुऊ लागली. पिवळा ड्रेस टाकला नाही, वर एप्रन बांधून वापरत राहिली. समोर येईल ते खायची, चव विचारली तर बरी आहे म्हणायची. मेव्हिसने तिला कधी रड म्हटलं नाही, हस म्हटलं नाही.

रडू तिला कधी आलंच नाही. पण फेब्रुवारीत एका सकाळी चहाने जीभ पोळली आणि हॅरल्ड गेल्यापासून पहिल्यांदाच एनिड सणसणीत शिवी हासडून कप आपटून उठली. मेव्हिसने सांडलेला चहा पुसला आणि तिच्यासाठी दुसरा कप ओतला, या वेळी दूध जास्त घालून.