मोडलेला गुरुवार

त्या वर्षी मी दत्तमहाराजांशी बोलणं टाकलं होतं, पण त्यांचा गुरुवार काही सोडला नव्हता. ऐकायला विचित्र वाटेल, पण माझा स्वभावच आडमुठा. गुरुवार मुळात माझा नव्हेच, बायकोचा. लग्न होऊन उचगावला आली तेव्हापासून बावीस वर्षं तिनं तो धरला होता, आणि दर पौर्णिमेला नृसिंहवाडी. मी तिला गाडीवरून वाडीला नेऊन सोडायचो आणि ती पादुकांचं दर्शन घेऊन येईपर्यंत बाहेर चहा पीत बसायचो. मी कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारा माणूस. देवाधर्माचं काय ते ती बघते, असं आमच्यात न बोलताच ठरलं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघं एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झालो. मी खालच्या वॉर्डात, ती वरच्या मजल्यावर. सहा दिवस फोनवर बोलत होतो. सातव्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. आठव्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर माझ्या खाटेपाशी येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, तेव्हाच मी काय ते समजलो. मधे एक जिना होता हो, फक्त एक जिना, पण मला वर जाऊ दिलं नाही आणि मला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. पुढं चार दिवसांनी मला घरी सोडलं तेव्हा तिच्या सामानाची पिशवी हातात दिली. मुलगा पुण्यात, त्याच्याच घरात सगळे आजारी. शेजारी दुधाची पिशवी फाटकाला अडकवून लांबूनच हाक मारायचे आणि मी दार उघडायच्या आत निघून जायचे. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण रात्रंदिवस स्वतःच्याच खोकल्याचा आवाज ऐकत बसणं काय असतं, ते मी तेव्हा भोगलं.

ती गेली त्याहीपेक्षा ती एकटी गेली, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. देवघरातल्या तसबिरीसमोर उभं राहून मी एकदाच विचारलं, "बावीस वर्षं ही तुझ्या दारात आली. त्या वेळी तू कुठं होतास?" मी तसबीर भिंतीकडं तोंड करून ठेवली. आणि त्याच आठवड्यापासून तिचा गुरुवार धरला, तोही तिच्यापेक्षा कडक. ती दूध, केळं, साबुदाणा खायची. मी संध्याकाळी दिवा लागेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचो नाही. ही भक्ती नव्हती, खोटं कशाला बोलू. हे भांडण होतं. तू तिला सोडलंस, मी तिचा वार सोडला नाही, एवढंच मला त्याला दाखवायचं होतं.

मला घरी येऊन पाच-सहा आठवडे झाले असतील. एका बुधवारी रक्तपेढीतून एका बाईंचा फोन आला. माझ्या नावापुढं साहेब लावून त्यांनी विचारलं, तुमचा रक्तगट एबी आहे, एक पेशंट अत्यवस्थ आहे, एबीचा दाता कुठं मिळत नाही, उद्या येऊन प्लाझ्मा देता का? बरं झालेल्या माणसाच्या रक्तातलं पाणी काढून आजारी माणसाला देतात, असं त्यांनी सोपं करून सांगितलं. मी जन्मात कधी रक्तसुद्धा दिलेलं नाही. लेथवर बोट फाटलं तर फडकं गुंडाळून काम करत राहीन, पण सुई बघितली की मी तोंड फिरवतो. तरी हो म्हणालो. पुण्यबिण्य काही मनात नव्हतं. पंधरा दिवसांत मुलाशिवाय मला कुणी फोन केला नव्हता, म्हणून हो म्हणालो.

दुसरा दिवस गुरुवार. डोक्यावरून अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि उपाशीच निघालो. आपल्यात कुठलंही चांगलं काम उपाशीपोटी, सोवळ्यात करायचं अशी रीत, तेव्हा दान तरी जेवून कोण करतं, असं मला वाटलं. तिथं फॉर्मवर 'जेवण केले आहे काय' असा प्रश्न होता. मी बिनदिक्कत 'होय' लिहिलं. वजन झालं, तपासणीला रक्त घेतलं, सगळं जुळलं. आता मशीनवर घ्यायचं म्हणून उठलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तिथल्या सिस्टरनी दंड धरून मला बसवलं.

"पावणं, खरं सांगा. सकाळपासनं काय खाल्लंय?"

"काय न्हाय. गुरुवार हाय माझा."

"अवो, मग होय कशाला लिवलासा?" त्या अशा तडकल्या की पलीकडचे दोघं वळून बघायला लागले. "उपाशी माणसाचा प्लाझ्मा घेत न्हाय आमी. तुमीच पडलासा तर तुमाला कोण बघायचं? जावा, पोटभर जेवून या. दोन तासांनी घेतो. पण आजच या, पेशंटला दम न्हाय."

मी बाहेर आलो. लॉकडाऊनमुळं हॉटेलं बंद, आणि उघडी असती तरी मी जेवणार नव्हतो. माझ्या मनानं घेतलं, ही देवाचीच खेळी. माझं माणूस घेतलंस, आता तिचा वारही घेतोस काय? जातो घरी, दुसरा दाता बघतील ते. गाडीला किल्ली लावली, एवढ्यात बाजूच्या बाकावरून आवाज आला, "अण्णा, चेहरा का पांढरा पडलाय तुमचा? बसा की जरा."

चाळिशी उलटलेली बाई होती, तोंडाला पदर, मांडीवर स्टीलचा डबा. बोलण्यावरून शिरोळकडची वाटली. रक्तपेढी ज्या दवाखान्यात होती, तिथंच तिचा नवरा आत व्हेंटिलेटरवर होता. एबी गटाचा कोणीतरी मिळालाय, आज देणार हाय म्हणं, त्याचीच वाट बघत बसलीय, असं ती म्हणाली. मी किल्ली काढून घेतली आणि बाकाच्या टोकाला टेकलो. शेवटी सांगून टाकलं, तो माणूस मीच, आणि असा असा गुरुवार आहे, तो माझ्या मेलेल्या बायकोचा आहे, मला तो मोडता येत नाही.

आता ही हात जोडेल, रडेल, असं वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली आणि मधे डबा उघडून ठेवला. ज्वारीच्या दोन भाकरी, मुगाची आमटी, दही. म्हणाली, "रोज करून आणतो ह्यांच्यासाठी. त्यांला नळीनं घालतात म्हणं, डबा घेत न्हाईत. तसाच परत नेतो. आमी जैन, कांदा-लसूण न्हाय त्यात. तुमच्या मालकिणीला चाललं असतं बघा." मग म्हणाली, "त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या तुमाला?"

काय म्हणाली असती ते मला चांगलंच ठाऊक होतं. "आधी खावा मुकाट्यानं," असंच म्हणाली असती, डोळे वटारून. मी भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास तोंडात गेला आणि मला रडू कोसळलं. घरी आल्यापासून दुसऱ्याच्या हातचं गरम-गार काहीच पोटात गेलं नव्हतं. परक्या माणसासाठी केलेल्या डब्यातलं मी ढसाढसा रडत खाल्लं, आणि ती बाई दुसरीकडं बघत बसून राहिली. मी तिथं द्यायला म्हणून ताठ मानेनं गेलो होतो, आणि देण्याआधी मला मागून खाल्ल्यासारखं खावं लागलं.

दोन तासांनी मशीनशेजारच्या खाटेवर झोपलो. सुई टोचताना डोळे मिटले आणि कित्येक दिवसांनी नकळत तोंडातून 'दिगंबरा दिगंबरा' निघून गेलं. एका नळीनं रक्त बाहेर जात होतं आणि प्लाझ्मा काढून घेऊन परत अंगात येत होतं, परत येताना गार लागत होतं. ओठांना मुंग्या आल्या, सिस्टरनी एक गोळी चघळायला दिली. पाऊण-एक तासानं पिशवी भरली. निवळलेल्या उसाच्या रसासारखा रंग. हे आपल्या अंगातलं, यावर माझा विश्वासच बसेना.

सहाव्या दिवशी डबा देणाऱ्या त्या बाईंचा फोन आला; निघताना आम्ही एकमेकांचे नंबर आणि गाव विचारून घेतलं होतं. "अण्णा, गेले ओ ते," एवढंच बोलल्या. पुढं डॉक्टर लोकांनीही म्हटलं की प्लाझ्माचा तसा उपयोग होत नाही, आणि ते देणं बंदच झालं. असेल, मी काय सांगणार! पण मला ते फार लागलं. वार मोडला आणि माणूसही वाचला नाही. मग कशासाठी मोडायला लावलास, म्हणून पुन्हा महाराजांशी अबोला धरला.

दसऱ्याच्या सुमारास देवळं उघडली तेव्हा तिची वारी चुकू नये म्हणून मी एकटाच गाडी काढून वाडीला निघालो. बाईंचं गाव वाटेवरच. त्यांची माफी मागितल्याशिवाय पुढं जाववेना. अंगणात त्या शेंगा वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं. मी खाली बघतच म्हणालो, "ताई, माझ्या रक्ताचा काय उपेग झाला न्हाय. माफ करा मला."

"असं कसं म्हणतासा अण्णा?" त्यांचा आवाज चढलाच. "मला आत सोडलं न्हाय, पोरीला सोडलं न्हाय. आमचं कोण बी न्हवतं त्यांच्याजवळ. तुमीच तेवढं आत गेलासा. सहा दिस त्यांच्यासंगं होतासा की!"

मी ओसरीच्या खांबाला धरून खाली बसलो.

त्या दिवशी वाडीला मी पहिल्यांदा रांगेत उभा राहिलो. जे विचारायचं म्हणून आयुष्यभर मनात धरून बसणार होतो, ते पादुकांसमोर आल्यावर विचारावंसंच वाटलं नाही. माझ्यासारखा तापट, अर्धवट रागानं आलेला माणूस ज्याला एका परक्याच्या सोबतीला पाठवता आला, त्यानं वरच्या मजल्यावर तिच्याजवळ कुणालाच पाठवलं नसेल का? कुणाचं तरी रक्त, कुणा सिस्टरचा हात. मला दिसलं नाही, एवढंच. डोकं टेकवलं आणि म्हणालो, "महाराज, लई बोललो तुमाला. आता तुमच्यावर सोडतो." मागच्या माणसानं पुढं सरका म्हणून हलवेपर्यंत मी तिथंच होतो. घर अजून रिकामंच आहे, संध्याकाळ अजून खायला उठते. पण ती एकटी गेली, असं आता मी कुणाला सांगत नाही.