बाटलीवाल्या बाई

मी बाईंशी एकदा खोटं बोललो आणि त्याची शिक्षा त्यांनी भोगली. त्यांच्याविषयी लिहायला खरं तर मी योग्य माणूस नाही. पण त्यांना मागेपुढे कुणी नाही, त्यामुळे दुसरं कुणी लिहील असंही वाटत नाही.

बाई लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. कुणाच्याही घरी गेल्या की तांब्यातलं पाणी आधी हुंगायच्या, मग प्यायच्या. घरची बाई ओशाळायची. "तुमच्यावर संशय नाही हो," बाई म्हणायच्या, "पाणी कुठून कुठून हिंडून आलेलं असतं. विचारपूस नको करायला?"

मांजरा नदीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या तपासणीचं काम तेव्हा कॉलेजकडे आलं होतं. नदीत घाण नेमकी कुठून येते, हे शोधायचं होतं. बाई प्रमुख, मी त्यांचा मदतनीस. एसटीनं उतरायचं आणि काठाकाठानं चालत ठरलेल्या जागांचं पाणी भरायचं. बाईंच्या पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर खळखळ वाजणारी बाटल्यांची पिशवी. गावोगाव त्यांना 'बाटलीवाल्या बाई' हेच नाव पडलं. पारावरून कुणीतरी हटकायचं, "बाई, भरलेल्या हायत का रिकाम्या?"

"येताना रिकाम्या, जाताना भरलेल्या. तुमचं उलटं असतं," बाई न थांबता म्हणायच्या, आणि पार हसायचा.

पाणी भरण्याची त्यांची एक रीत होती. गुडघाभर पाण्यात, धारेच्या मध्यावर जायचं. बाटली त्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची. "काठाचं पाणी फक्त काठाचंच सांगतं," त्या म्हणायच्या. फेरीच्या दिवशी त्यांच्या डब्यात धपाटे आणि दही असायचं, दोघांना पुरून उरेल एवढं. एरवी काय करता, असं मी एकदा विचारलं. "एकटीसाठी तवा तापवायचा कंटाळा येतो रे गजानन. दूधपोळी खाते," म्हणाल्या. त्यांच्या खोल्यांच्या आजूबाजूला सगळी क्लासेसची मुलं राहायची. रोज शेकडो मुलं दारावरून जायची. त्यांतलं एकही त्यांच्या दारी यायचं नाही.

घाण वाढली की पाण्यातला प्राणवायू घटतो; तो किती उरलाय, हे त्या प्रयोगशाळेत स्वतः मोजायच्या. निळं झालेलं पाणी काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडून रंगहीन करायचं. रंग जातो तो थेंब अचूक पकडायचा, सगळा हिशेब त्यावर. त्या वेळी बाई श्वाससुद्धा रोखून धरायच्या. "रंग गेला म्हणजे गेला. गेल्यासारखा वाटला, तर अजून आहे," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डोळ्यावर कॉलेजात कुणी शंका घेत नसे.

एका फेरीला बाईंना परीक्षेचं काम निघालं. मी एकटाच गेलो. त्याच दुपारी नांदेडला माझा मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता, आणि मी इस्त्रीची पँट घालूनच निघालो होतो. सगळ्यात वरची जागा वरच्या गावापाशी होती. तिथं जायला चिखल आणि बाभळीचं रान, शिवाय गुडघाभर पाणी. खाली, शहराचा नाला नदीला मिळतो त्याच्या पुढे, पुलाला पायऱ्या होत्या. मी पायरीवर उकिडवा बसलो, बाटल्या भरल्या आणि त्यांच्यावर वरच्या गावाचं नाव चिकटवलं.

त्या पाण्यात प्राणवायू जवळपास नव्हताच. बाई चक्रावल्या. दुसरी बाटली तपासली, औषधं नव्यानं बनवली. मग मला विचारलं, "जागेवर जाऊनच भरलंस ना?"

"हो, मॅडम."

"तू म्हणतोस तर तसंच."

अहवाल गेला. घाण वरच्या गावातून, तिथल्या जनावरांमुळे येते, असा त्याचा अर्थ निघाला. शहराला तेच हवं होतं. नाल्याचं पाणी शुद्ध करायचं काम मागे पडलं आणि वरच्या गावाच्या डोहावर गुरं न्यायला बंदी आली. बाई समजावायला गावात गेल्या, सोबत मीही होतो. किसनमामा म्हणून तिथले एक म्हातारे होते, त्यांच्या दावणीला देवणी जातीच्या गाई होत्या. ते म्हणाले, "आमच्या जनावरास्नी लिवता येत न्हाई, म्हणून सगळं त्यांच्याच नावावर व्हय, बाई?" बाई अहवालातले आकडे समजावून सांगू लागल्या. खरं उत्तर माझ्याकडे होतं. मी बुटाच्या टोकानं माती उकरत राहिलो.

पुढे दुसऱ्या एका कॉलेजानं तीच जागा तपासली. पाणी चांगलं निघालं, पण आधीचा अहवाल तसाच राहिला आणि डोहावरची बंदीही उठली नाही. बाईंच्या पाठीमागे लोक हसले. बाईंनी मला परत काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते स्वतःला. "रंग दिसला नसेल मला. वय झालं," एवढंच म्हणाल्या, आणि काचेची ती नळी पुन्हा हातात धरली नाही. नदीवर जाणंही बंद केलं. माझं लग्न जमलं. बाई आल्या, अक्षता टाकून जेवल्या, आणि शेवटच्या गाडीची वाट न बघता लवकर निघाल्या. मला नांदेडला नोकरी लागली. लातूरला येणं व्हायचं, पण त्यांच्या गल्लीत मी वळत नसे.

गेल्या उन्हाळ्यात वळलो. बाई खूप वाळल्या होत्या. मला बघून हरखल्या, चहा ठेवला. थोड्या वेळानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "रंग आला का बघ रे जरा. माझ्या डोळ्यावर माझा भरवसा नाही आता."

चहा केव्हाच उकळून काळा झाला होता. तिथंच, ओट्यापाशी उभा राहून, मी सगळं सांगितलं. पूल, पायऱ्या, पँट, सगळं.

बाईंनी गॅस बंद केला. "म्हणजे मला दिसत होतं," हळू म्हणाल्या.

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो, तर त्या मागे सरल्या. "माझे पाय धरून काय होणार? डोह कुणाचा बंद आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. किसनमामा थकले होते, पण पारावर होते. त्यांनी बाईंना ओळखलं, जागा करून दिली. बाई बसल्या नाहीत. मी कधी बोलतो याची वाट बघत उभ्या राहिल्या.

"मामा," मी म्हणालो, "तुमच्या गावाचं पाणी मी भरलंच नव्हतं. शहराच्या नाल्याखालचं भरून तुमचं नाव लावलं. बाईंनी तपासलं ते बरोबर तपासलं. त्यांच्याशीही मी खोटं बोललो. तुमचा डोह माझ्यामुळे गेला. हे जिथं सांगावं लागेल तिथं मी लिहून देईन. मला माफ करा, मामा. मॅडम, तुम्हीही."