इर्मा पोकोर्नीचा तिसरा आग्रह

वॉलनट फोर्क गावात इर्मा पोकोर्नीच्या बेकरीत फुकट खाल्लं नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. टपालवाल्याला रोज एक कोलाची, म्हणजे मधे गोड सारण भरलेला छोटा चेक पाव, ठरलेली. कुणाकडे मयत झालं की दफनाच्या आधीच इर्माचं मोठं खोकं त्या घरी पोचलेलं असायचं. पाद्रीबुवांनी उपवासाच्या दिवसांत गोड सोडलं, तर ती खोकं त्यांच्या गाडीत ठेवून यायची आणि म्हणायची, "सोडायला काहीतरी समोर तर हवं ना!"

फक्त गावातल्या विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघातल्या मुलींकडून ती पैसे मोजून घ्यायची. पूर्ण पैसे, सुटे नसतील तर वाट बघून. आणि गंमत अशी, की साऱ्या गावात तिचा जीव कुणात अडकला असेल तर तो याच मुलींमध्ये.

याला कारण होता डेल्मर फ्रीसन. विद्यापीठातल्या खेळाडूंनी नियम मोडू नयेत हे बघणं त्याचं काम. खेळाडूनं खेळाच्या जोरावर कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाच्या गाडीतून फुकट जायचंसुद्धा नाही, असा तेव्हा कायदाच होता. डेल्मर तो इतका मनापासून पाळायचा की पोरं त्याला 'नाहीवाले फ्रीसन' म्हणत. एका काळी तर नियम असा होता की संघानं मुलांना कोरडा पाव दिला तर चालेल, पण वर काही फासलं की ते जेवण झालं, आणि जेवण म्हणजे भानगड. हे ऐकून इर्मानं त्याला विचारलं होतं, "मग मी कोलाचीतलं सारण काढून नुसता पाव दिला तर?"

डेल्मरनं कप खाली ठेवला आणि खरोखरच विचार केला. मग म्हणाला, "सारणाची जागा बोटानं दाबलेली असते. तिथे ओलावा राहतो. नको."

इर्मा या गावात लग्न होऊन आली ती सासूच्या हाताखाली. सासू चेक बोलायची, इंग्रजी फक्त गिऱ्हाइकांपुरतं. तिनं इर्माला पहिली दोन वर्षं पीठ मळूच दिलं नाही, नुसतं खसखस वाटायला आणि जर्दाळू शिजवायला ठेवलं. इर्मानं तक्रार केली नाही. पुढे सासू गेली, मुलगे शिकून डेन्व्हरला गेले, आणि भट्टीपाशी इर्मा आणि तिचा नवरा लुमीर एवढेच उरले. लुमीर कमी बोलायचा. तो बोलला की लोक मान वळवून बघत.

संध्याकाळी मुलींचा सामना असला की दुकान लवकर बंद. इर्मा लाल स्वेटर घालून क्रीडागृहातल्या आपल्या जागेवर जाऊन बसायची आणि पंचांना अशी बोलायची की पुढच्या रांगेतल्या बायका कानटोप्या खाली ओढत. तिला जोरात फटका मारणाऱ्या मुलींचं फारसं कौतुक नव्हतं. तिचं प्रेम सेटरवर. सेटर म्हणजे जी चेंडू अलगद वर उचलून देते आणि टाळ्या दुसरीला मिळतात. "ती वाढते, बाकीच्या जेवतात," असं इर्मा म्हणायची. "आणि वाढणारीचं पान शेवटी."

सध्याची सेटर टेस ओस्टरमन. उंच, खांद्यात थोडी वाकलेली, वरच्या वाळूटेकड्यांकडच्या गुरांच्या कुरणावरून आलेली मुलगी. ती तीन वर्षं इर्माच्या दुकानात येत होती, रोज एक खसखशीची कोलाची घेत होती आणि पैसे टेबलावर बरोब्बर मोजून ठेवत होती. संघातल्या मुलींसारखीच ती इर्माला 'बाबी' म्हणायची. चेक भाषेत बाबी म्हणजे आजी.

मधल्या काळात नियम उलटे झाले. आधी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करायची मोकळीक मिळाली. मग विद्यापीठंच आपल्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना देऊ लागली. वॉलनट फोर्कला फुटबॉलच्या पोराचा हसरा चेहरा गाड्यांच्या दुकानावर चढला. वाट्यातला मोठा घास फुटबॉलवाल्यांनी नेला, उरलेला बास्केटबॉलवाल्यांनी, आणि मुलींच्या तोंडाला पानं पुसली गेली. टेस तशीच पहाटे गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारावर जायची, मक्याचे ट्रक वजनकाट्यावर घ्यायची, मग सराव, मग वर्ग.

डिसेंबरात हंगाम संपला आणि बेकरीत बातमी आली. दक्षिणेकडच्या एका मोठ्या विद्यापीठानं टेसला आपल्या संघात बोलावलं होतं. वाट्यातून भरपूर पैसे देणार होते. शुक्रवारपर्यंत तिला उत्तर द्यायचं होतं.

"जाईल ती," काउंटरवरचा एक म्हातारा म्हणाला. "मीही गेलो असतो."

"तुला कुणी बोलावलं असतं तर ना," इर्मा म्हणाली. पण त्या दिवशी तिनं जर्दाळूच्या सारणात दोनदा साखर घातली.

डेल्मर दुपारी कॉफीला आला, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभीच राहिली. "डेल्मर, आता मी त्या पोरीला पैसे देऊ शकते की नाही?"

"देऊ शकतेस."

"देवा रे! तुझ्या तोंडून हे ऐकायला मी जगले."

"थांब, पुरतं ऐक. भेट म्हणून नाही. तिनं काम केलं पाहिजे. जाहिरात म्हण, फोटो म्हण. आणि कामाचा दर रास्त हवा. सहाशे डॉलरच्या पुढे गेलं की वरच्या कार्यालयाला कळवायचं. ते बघतात की धंद्याला जाहिरातीची खरीच गरज आहे का, की नुसती पोरीला थांबवायला दिलेली लाच आहे."

"मला तिला थांबवायचंच आहे."

"हे तू मला सांगितलं नाहीस," डेल्मर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. "तुझ्या धंद्याला गरज आहे का, एवढंच सांग."

इर्माला खोटं बोलता येत नसे. तिनं दुकानभर नजर फिरवली. सगळी पांढरी डोकी. हायवेवर डोनटची मोठी साखळी उघडल्यापासून विद्यार्थी इकडे फिरकत नव्हते. गेल्याच आठवड्यात एका मुलानं काचेतून खसखशीच्या कोलाचीकडे बघून मैत्रिणीला विचारलं होतं, "त्याच्यात मुंग्या आहेत का?"

"आहे," इर्मा म्हणाली. "खरीच आहे."

"मग विचार तिला. पण एक सांगतो, गळ घालू नकोस. खेळाडूवर कुणी दडपण आणलं अशी कुजबुज झाली की सगळं मुसळ केरात."

बुधवारी टेस आली. कोठारातला मक्याचा भुसा तिच्या भुवयांवर होता, डोळे झोपेनं जड. इर्मानं हात पुसले. एवढ्या वर्षांत लग्नाच्या केकचे सौदे केले, पण तिला असा घाम कधी फुटला नव्हता.

"टेस, मला दुकानासाठी एक चेहरा हवाय. जाहिरातीला. तुझा. रीतसर पैसे देऊन."

टेसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "छे, बाबी. माझा कसला चेहरा! नको."

"काट्यावर मिळतात तेवढे तरी देईन. ते काम सुटेल तुझं."

"नको नको. तुम्हाला कशाला उगीच खर्चात पाडू? नको, खरंच."

आता या भागातली रीत अशी, की काही देऊ केलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं ते लाजेखातर, दुसऱ्यांदा 'नको' म्हणायचं ते आईबापांनी वळण लावलंय हे दाखवायला, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुम्ही एवढं म्हणताच तर" म्हणून घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरा, आणि तीनदा न विचारणारा कंजूष. हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. इर्मा याच रीतीत म्हातारी झाली होती. तिसरं वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात तिला डेल्मरचे शब्द आठवले.

"बरं बाई, तुझी मर्जी," ती म्हणाली.

टेस क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं पैसे मोजून ठेवले, कोलाची उचलली आणि गेली. रोज जाताना ती दाराच्या काचेवर टकटक करायची. त्या दिवशी केली नाही.

गुरुवारी दुपारी परात घासता घासता इर्मा म्हणाली, "नाही म्हणाली पोरगी. तिचं मन तिकडे लागलंय. आपण काय करणार?"

लुमीर पीठ लाटत होता. "किती वेळा विचारलंस?"

"दोनदा."

लाटणं थांबलं. "दोनदा?"

"डेल्मर म्हणाला, गळ घालू नकोस."

"इर्मा, तुझ्या आईकडे मी पहिल्यांदा जेवायला आलो, तेव्हा बटाट्याचा वाडगा दोनदा माझ्यासमोरून गेला. तिसऱ्यांदा तिनं तो फिरवला नसता तर मी उपाशी उठलो असतो आणि तुला विचारायलाही परत आलो नसतो. कुरणावरची मुलगी आहे ती. तिनं आणखी काय म्हणायला हवं होतं?"

लुमीर एका दमात इतकं कधी बोलत नसे. इर्मानं अंगावरचा एप्रन काढायचाही विचार केला नाही. त्यावर कोट चढवला आणि ती बाहेर पडली.

क्रीडागृहात सामन्याखेरीज ती कधी आली नव्हती. प्रेक्षक नसताना ती जागा एखाद्या रिकाम्या गोठ्यासारखी मोठी वाटत होती. टेस एकटीच बाकावर बसून बोटांना पट्टी गुंडाळत होती. पिठानं माखलेली इर्मा दारातून येताना बघून ती उभी राहिली. "बाबी? लुमीरकाकांना काही झालं का?"

"त्याला काय होतंय! तो आज बोलायला लागलाय." इर्मानं दम खाल्ला. "टेस, तुला माझ्या दुकानासाठी काम करायचंय का? हे मी तिसऱ्यांदा विचारतेय. बुधवारीच विचारायचं होतं, पण मी माती खाल्ली."

टेस खाली बसली. मग हसू लागली, आणि हसता हसता तिनं पट्टी बांधलेल्या हातानं डोळे पुसले.

"मला वाटलं तुम्ही तोंडदेखलं विचारलंत. रात्रभर तेच डोक्यात. बाबींना मी नकोच होते, उगीच भिडेखातर बोलल्या असतील."

"तू जाणार म्हणून मी सारणात दोनदा साखर घातली गं!"

"आणि तिकडचं ऐका. त्या मोठ्या विद्यापीठातल्या माणसानं फोन केला. मी म्हटलं, छे हो, एवढे पैसे मला कशाला. तर त्यानं आकडा वाढवला. मी पुन्हा म्हटलं, नको, फारच होतात. त्यानं परत वाढवला! तो समजत होता मी घासाघीस करतेय. मी लाजेनं मरत होते आणि तो चढतच चालला होता. तिसऱ्यांदा हो म्हणायची मला भीतीच वाटली, बाबी. म्हटलं शुक्रवारी सांगते."

इर्मा इतकी हसली की तिच्या कोटातून पीठ उडालं. मग ती गंभीर झाली. "पण टेस, तो आकडा खराच मोठा आहे ना? मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. हे तुला सांगितलं नाही तर मी कसली बाबी?"

"मला माहीत आहे," टेस म्हणाली. "मी घरी बाबांनाही विचारलं. ते म्हणाले, तुला झोप कुठे लागेल ते बघ. मला इथे लागते. फक्त ती काट्यावरची पहाट गेली की झालं." तिनं नाक ओढलं. "बरं, तुम्ही एवढं म्हणताच तर. पण एक आहे, मला कॅमेऱ्यासमोर हसता येत नाही."

शुक्रवारी तिनं दक्षिणेतल्या त्या माणसाला नकार कळवला. त्यानं विचारलं, "आणखी किती वाढवू?" शेवटी तिनं आपल्या प्रशिक्षकबाईंच्या हातात फोन दिला.

हसता येत नाही हे अगदी खरं होतं. संघातल्याच एका मुलीनं फोनवर चित्रण केलं. टेस काउंटरपाशी उभी, साक्षीला बोलावल्यासारखा चेहरा. तिनं खसखशीची कोलाची उचलली, एक घास खाल्ला, सावकाश चावला, गिळला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मुंग्या नाहीत. मी रोज खाते." मागे लुमीर परात घेऊन जाताना दिसला, आणि त्याला चित्रण चाललंय हे ठाऊक नसल्यामुळे तो मध्येच थांबून खांदा खाजवत राहिला. इर्माला ते फेकून द्यावंसं वाटलं. पण विद्यार्थ्यांनी ते एकमेकांना पाठवून पाठवून इतकं पसरवलं, की शनिवारी सकाळी दुकानात पांढऱ्या डोक्यांमागे लोकरी टोप्यांची रांग लागली. "ती मुंग्या नसलेली द्या," असं पोरं मागू लागली.

वरच्या कार्यालयानं एकच प्रश्न विचारला, की या दुकानाला जाहिरातीची गरज खरी होती का. डेल्मरनं उत्तरात डोनटच्या दुकानाचं अंतर आणि शनिवारच्या रांगेचा फोटो पाठवला. मंजुरी आली तेव्हा तो स्वतः सांगायला आला, आणि 'हो' म्हणताना त्याचा चेहरा नवे बूट घातलेल्या माणसासारखा अवघडला होता.

टेसनं कोठाराचं काम सोडलं. पण शरीराला लागलेली सवय काही सुटेना. पहाटे तिला जाग यायची, आणि थोड्याच दिवसांत ती भट्टीच्या उबेला बेकरीत येऊन उभी राहू लागली. एकदा तिनं न राहवून परातीतल्या गोळ्यांना अंगठ्यानं सारणाचे खळगे पाडायला घेतले. नेमका डेल्मर लवकर आला होता.

"इर्मा, ती काम करतेय का?"

"नाही. उभी आहे."

"तिचा अंगठा पिठात आहे."

"डेल्मर!"

"काम करत असेल तर चालू दरानं तासाचे पैसे दे. करत नसेल तर हात खिशात. मधलं काही नाही."

इर्मानं टेसकडे बघितलं. टेसनं मुकाट्यानं हात धुतले आणि जाकिटाच्या खिशात घातले. मग भिंतीला टेकून, गेल्या हंगामातला एक हरलेला सामना कुठे हातचा गेला ते ती इर्माला समजावून सांगू लागली. इर्मा खळगे पाडत ऐकत होती. मध्येच तिला थांबवून म्हणाली, "तो चेंडू तू मागच्या मुलीला द्यायला हवा होतास."

"द्यायला हवा होता," टेस म्हणाली. "पुढच्या वर्षी देईन."