तिसरं वाक्य

ज्या माणसाचं मी सर्वांत जास्त देणं लागतो, त्याला आमच्या शहापुरात सगळे रशियनकाका म्हणत. मी काकाजी म्हणायचो. एखादा इंग्रजी शब्द आणि त्याचा रशियन प्रतिशब्द शोधून मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या ओट्यावर चढलो, की ते पाटी पुसावी तशी हातानं हवा पुसत. "शब्द एकटा नको आनू. वाक्य आन."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जवाहरनगरच्या कारखान्यात यंत्रांसोबत आलेल्या रशियन कागदांचं इंग्रजी करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर म्हणाले, जन्मभर नटबोल्ट केले, आता पुस्तकातले शब्द करतो. कथानक, समीक्षा, संदर्भ, पुरावा अशा अर्थांचे, साहित्यातले आणि अभ्यासातले इंग्रजी शब्द, आणि समोर त्यांचे रशियन प्रतिशब्द. इकडच्या विद्यार्थ्याला हाताशी धरता येईल असा कोश त्यांना करायचा होता.

कोशाची कार्डं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींची. काकू म्हणायच्या, "लोकाइच्या पत्रिका ह्यायले वाचाच्या नसतात, कापाच्या असतात." खरंच, करडीच्या एका लग्नाला काकाजी आणि मी एक दिवस उशिरा पोचलो होतो. तारीख ‘शोकांतिका’ या शब्दाच्या कार्डात कापली गेली होती.

प्रत्येक कार्डावर तीन वाक्यं हवीत, हा नियम. शब्दकोशातली उदाहरणं बाद. मी एकदा स्वतः रचलेलं वाक्य अभिमानानं दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चूक एकही काढली नाही, आणि कार्ड परत दिलं. "हे तू शब्दासाठी केलं. ज्याले तो शब्द लागला, त्याचं वाक्य आन." मोबाईल क्षणात प्रतिशब्द देतो असं म्हटलं तर म्हणाले, "मंग त्यालेच विचार, ह्याच्या आधी कोनं वापरला."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाबा राईस मिलमध्ये हमाली करत. रशियन ही शिकायची गोष्ट असते हेच मला त्या ओट्यावर कळलं. पुढे नागपूरला तीच भाषा घेऊन शिकलो. त्यामुळे त्यांच्यावर चिडताना मला नेहमी लाज वाटे, आणि तरी मी सतत चिडलेला असे. कारण कोश संपत नव्हता.

नागपूरचा एक प्रकाशक छापायला तयार झाला. दिवाळीपर्यंत सगळं हवं, एवढीच त्याची अट. मी दिवसरात्र टाइप करत बसलो. सगळी कार्डं झाली, एक सोडून. शोधनिबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो, त्याचा इंग्रजी शब्द. तोही ‘ए’ या पहिल्याच अक्षरातला. म्हणजे आमचा कोश पहिल्याच पानांवर अडला.

रशियन प्रतिशब्द ठरला होता, प्रिझ्नातेल्नस्त, म्हणजे कृतज्ञता. वाक्यं दोन होती. तिसऱ्यासाठी मी कित्येक शोधनिबंध धुंडाळले आणि ऋणनिर्देशांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवला. भिंग फिरवत त्यांनी एकेक पाहिला. "हे सगळं एकच वाक्य हाय. पन्नास जनाइनं उतरवलेलं."

प्रकाशक स्वतः गाडी घेऊन आला. चहा घेता घेता त्यानं सुचवलं, तेवढा एक शब्द दोन वाक्यांवर जाऊ द्या, कोण मोजतंय.

काकाजींनी त्याचा कप ठेवलेल्या तिपाईकडे बोट दाखवलं. "हिचा एक पाय काढू का?"

तो हसला, पण गेला तो परत आला नाही. त्याचं पाऊल रस्त्यावर पडताच माझा तोल सुटला. मी म्हणालो, "काकाजी, हे पुस्तक तुमच्या जितेपणी निघणार नाही."

"तं मंग तुह्या जितेपनी निघन. घाई कायले करून रायला?"

पुढे काकू गेल्या. काकाजींची नजरही अधू झाली. मुलगी त्यांना दुर्गला घेऊन गेली. कपड्यांची बॅग गाडीच्या टपावर आणि कार्डांचे डबे मांडीवर, असे ते गेले. ते एक कार्ड मात्र माझ्या हातात ठेवलं. "तिसरं आन."

आता ओट्यावर शेजारचे धान वाळवतात. माझा शोधनिबंध मागच्या महिन्यात सादर झाला. परवा त्यांना पत्र टाकलं, ते असं:

काकाजींना नमस्कार,

वाक्य आणलं आहे, माझ्याच शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशातलं. रशियन वाक्य देवनागरीत लिहून वेगळ्या कागदावर जोडलं आहे, म्हणजे ताई मोठ्यानं वाचू शकेल. त्याचा अर्थ असा: ‘ज्या माणसानं मला एकही शब्द फुकट वापरू दिला नाही, आणि ज्याच्यावर मी हे लिहितानाही रागावलेलो आहे, त्याच्याविषयी इथे कृतज्ञता नोंदवतो.’

आमचे मार्गदर्शक म्हणाले, असं लिहायची पद्धत नाही, काढून टाका. मी काढलं नाही. हे शब्दासाठी केलेलं नाही, काकाजी. मला लागलं म्हणून लिहिलं.

कार्ड सोबत पाठवतो आहे. तिसऱ्या ओळीची जागा कोरीच ठेवली आहे. ती तुम्ही भरा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, ओळीबाहेर गेलं तरी चालेल. पण तुमच्याच हातचं पाहिजे. आणि या वेळी तरी परत पाठवताना ‘झालं’ म्हणा.