माळवदावरचे जोर

माझ्या चुलतभावाची छाती माझ्या पत्रकामुळे रुंद झाली, हे मी आधीच स्पष्ट सांगून टाकतो. आमच्या गावात हे कुणी सांगत नाही. गावात विचारलं तर त्याचं नाव घेतात, हात वर करून त्याच्या दंडाचं माप दाखवतात, आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, तुम्हीबी लिहिताच की कायतरी.

आमचं गाव हसनाबादच्या पुढं, भोकरदन तालुक्यातलं. निजामाचा अंमल होता. मारुतीच्या मागची तालीम बंद पडली, कारण तालमीला सरकारची इजाजत लागते असं एक दिवस वरून कळलं. गावकऱ्यांनी दरख्वास्त दिली. तालुक्यानं ती वर पाठवली, आणि वर ती जी बसली ती बसलीच. तालमीच्या लाल मातीत शेळ्या लोळू लागल्या. जुलमी सत्ता माणसाला आधी मुका करते आणि मग लुळा करते, असं मी तेव्हा लिहिलं होतं. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही.

चुलतभाऊ आणि मी एकाच वयाचे. जालन्याच्या उर्दू शाळेत एकाच बाकावर बसलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच तव्यावर भाकऱ्या जाळल्या. पास दोघंही झालो, नंबर त्याचा वर. मिशी त्याला आधी फुटली. घरी परत आलो तेव्हा माझी माय अंगणात उभी होती, आणि तिनं आधी त्याच्याकडे बघून म्हटलं, किती वाळलास रे. माझी हाडं तर बाहेरूनच दिसत होती. पण ती तिला रोजचीच वाटली असतील.

घर एकच, मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं काका-काकू आणि तो. चूल मात्र एकत्र, आमच्या बाजूला, आणि म्हैसही एकच. काकूची कंबर धरलेली असायची, म्हणून धार माय काढायची.

मी त्या वेळी चळवळीत पडलो होतो. म्हणजे पत्रकं लिहीत होतो, गावोगाव वाटत होतो. आमच्याकडे छापायची सोय नव्हती. छापून आणायचं ते हद्दीपलीकडून, बऱ्हाडातून, आणि जाफराबादच्या रस्त्यानं बैलगाडीत सरकीच्या पोत्यांखाली घालून गावात आणायचं. तालीम बंद झाल्यावर मी जे पत्रक लिहिलं त्याचं नाव होतं ‘घर हीच तालीम’. त्यात मी म्हटलं होतं की तालमीला कुलूप लागेल, घराला कोण लावणार? प्रत्येकानं रोज आपल्या घरीच जोर, बैठका, नमस्कार काढावेत. कुठं काढावेत, तर मोकळ्या हवेत, माळवदावर. आणि मग ते वाक्य, जे मला आजही पाठ आहे: ‘स्वतःच्या माळवदावर उभे राहावयास कोणाची इजाजत लागते?’

हे वाक्य वाचून मास्तर खूश झाले होते. मास्तर म्हणजे आमच्या भागातले म्हातारे कार्यकर्ते. पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळे मास्तर म्हणत. त्यांनी निरोप धाडला की आसपासच्या गावांतून घरोघरी फिरून व्यायाम शिकवायला एक माणूस नेमायचा आहे. चैत्र संपला की मी येतो, तुमच्याच गावातला माणूस ठरवतो.

ते काम मला हवं होतं. हवं होतं म्हणणंही कमी आहे. ते माझंच होतं. कल्पना माझी, शब्द माझे, सरकीची पोती उपसताना भरलेली पाठ माझी. दुसरं कुणाचं असणार?

चुलतभावानं पत्रक बाजेवर पडल्या पडल्या वाचलं. भुईमुगाच्या शेंगा फोडत वाचलं. मग विचारलं, “हे तू करून राह्यलास का?”

मी सांगितलं की मी गावोगाव हिंडतो, रोज एका जागी सापडत नाही. त्यानं शेंगेचं टरफल पत्रकावर टाकलं, मग ते झटकून पत्रक घडी घालून खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला.

तो एकटाच नव्हे, गाव सुरू झालं. पत्रकाचं यश म्हणतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. उजाडता उजाडता सगळ्या माळवदांवर डोकी वर-खाली होत होती. चावडीवरून ते दृश्य पोलीस पाटलाला दिसलं आणि तो थेट आमच्या दारात आला. ही कवायत कशाची चालू आहे, त्यानं विचारलं. मी उत्तर तयार करत होतो. त्यात नागरिक, हक्क, शरीर असे शब्द होते. तेवढ्यात चुलतभाऊ शिडीवरून उतरला आणि म्हणाला, “कवायत कशाची पाटील, रात्रीचं बेसन जिरवून राह्यलो.” पाटील हसला. जाताना म्हणाला, जिरवा. माझं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. ते त्याच्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं.

पण माळवद म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लाकडी सरे, त्यावर काटक्या, त्यावर पाला आणि त्यावर हातभर माती. पावसाळ्यात गळू नये म्हणून माती. त्या मातीवर गावातल्या पुरुषांनी एकाच वेळी बैठका काढल्या तर खाली काय होईल? खाली बायका भाकरी थापत होत्या. पिठात माती, ताकात माती, पाळण्यात माती. आठ दिवसांच्या आत बायका बिथरल्या. एकीनं नवरा वर असताना शिडी काढून घेतली आणि तो उन्हं चढेपर्यंत वरच बसून राहिला. व्यायाम बंद पडायला आला.

मी ठाम राहिलो. मी म्हटलं, ज्यांच्या माळवदाची निगा नीट नाही त्यांच्या घरात माती पडते. आमच्या माळवदावरून पडत नाही, ते बघा. आणि खरंच पडत नव्हती. गावात असलो की कधीमधी मी वर जोर काढून खाली यायचो, तरी चुलीवरचं पिठलं स्वच्छ असायचं. हा माझ्या हातात पुरावा होता.

चुलतभावानं पुरावा वगैरे काही पाहिलं नाही. तो गोठ्यात गेला. माय धार काढायला बसायची तेव्हा म्हैस पान्हा सोडायला वेळ लावायची. आधी पारडू लावायचं, थांबायचं, मग पारडू ओढून बांधायचं. ह्या थांबण्यात तो जोर काढायचा. धार सुरू झाली की बैठका. माय म्हणाली, “नुसताच उठबस करतूस, मंग शेण बी काढ की.” त्यानं तेही काढलं. वाकून, उठून, पाटी डोक्याएवढी वर नेऊन. शेणाचासुद्धा व्यायाम केला त्यानं. धार संपली की ह्याचं संपलं. आणि मग माय कोमट दुधाचा लोटा त्याच्या हातात द्यायची. गोठ्यातच, उभ्या उभ्या.

मग तो घरोघरी सांगत सुटला. पुरुषांना नाही, बायकांना. काकू, मामी, वैनी करत. घरधन्याला धारेच्या वेळी गोठ्यात धाडा, शेणाची पाटी त्याच्याकडून काढून घ्या, व्यायाम होतो. बायकांना अजून काय पाहिजे? ज्या बायकांनी शिड्या काढल्या होत्या त्याच आता नवऱ्यांना हलवून उठवू लागल्या. एकाही घरात खंड पडेना.

माझ्या खोलीची भिंत गोठ्याला लागून होती. रोज पहाटे मला त्याचा श्वास ऐकू यायचा. हूं, हूं, हूं. मधेच मायचं काहीतरी बोलणं, त्याचं हसणं. माझी माय माझ्याशी पहाटे कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मी उशी कानावर घ्यायचो तरी ऐकू यायचं. भिंत मातीचीच होती.

त्याचे खांदे भरले. सदरा बगलेत उसवला तर काकूनं तो गावभर दाखवला. रस्त्यानं आम्ही दोघं चाललो तर लोक त्याला थांबवून, जोर काढताना कंबर किती खाली न्यावी ते विचारत. ते पत्रकात लिहिलेलं होतं. दुसऱ्या पानावर.

चैत्र सरला आणि मास्तर आले. आदल्या दिवशी निरोप आला होता. घर सारवून झालं होतं. मास्तरांना ओसरीवर पाट मांडला, तर म्हणाले, मी चुलीपाशीच बसतो, भाकर तव्यावरून ताटात पडली पाहिजे. ते चुलीपाशी बसले, शेजारी काका. चुलतभाऊ पाणी द्यायला. मला वाटलं, हीच वेळ आहे. मास्तरांनी पत्रक वाचलं आहे, आता त्यांना ते डोक्यावर ऐकू येऊ द्यावं. मी शिडीनं वर गेलो आणि बरोबर चुलीच्या वरच्या जागी बैठका सुरू केल्या. दमदार. पाय आपटून. खाली बोलणं थांबलं तसा मला आणखी जोर चढला.

पुढचं मला काकांनी सांगितलं, आणि नंतर ज्याला त्याला त्यांनीच सांगितलं. मास्तरांच्या ताटात माती पडली. ढेकूळ नव्हे, चांगली धार लागली. पिठल्यात, भाकरीवर, मास्तरांच्या टोपीवर. मास्तरांनी घास खाली ठेवला, वर पाहिलं आणि मायला शांतपणे विचारलं, “वर कोण हाय?”

माय म्हणाली, “पत्रक हाय, मास्तर. एरवी गाठ पडत न्हाई, पाव्हणे आले की येतंय.”

आमच्या माळवदाची माती तोवर का पडत नव्हती तेही मला त्याच दिवशी कळलं. मायनं चुलीवर, सऱ्यांच्या खाली, एक जुनं लुगडं ताणून बांधलं होतं. माती त्यात साठायची, ती दर दोन-चार दिवसांनी झटकून परत बांधायची. धुरानं काळं झालेलं फडकं, सऱ्यांसारखंच दिसायचं, माझं कधी लक्ष गेलं नाही. पाहुण्यांच्या डोक्यावर काळं फडकं बरं दिसत नाही म्हणून तिनं ते त्या दिवशी सोडून धुवायला टाकलं होतं. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर? मी विचारलं. ती म्हणाली, तू खाली होतास का सांगायला.

मास्तर चांगले माणूस. ताट बदलून जेवले, मग गोठे बघून आले. चार-पाच घरच्या बायकांशी बोलले. आणि निघताना चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जाफराबादच्या बाजूनं सुरू कर. जल्दी नीघ, पेरण्या लागल्या की माणसं सापडायची न्हाईत.”

मी चुलतभावाकडे पाहिलं. माझी अशी समजूत होती की तो म्हणेल, मास्तर, हे काम ह्याचं आहे. निदान एकदा तरी म्हणेल, मग भले मास्तर नाही म्हणोत. मी त्याच्या जागी असतो तर म्हटलं असतं का, हा प्रश्न इथं येत नाही.

तो म्हणाला, “जातो की.”

संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. पत्रकांचा गठ्ठा मागितला. लोकांना द्यायला बरा पडतो म्हणाला, चांगलं लिहिलंय तू. मी गठ्ठा पुढे केला. त्यानं वरचं एक उचललं, बोट ठेवलं आणि म्हणाला, “हे माळवदाचं तेवढं खोड. न्हाई तर मला गावोगाव बायका मारतील.”

त्यानंच खोडावं की नाही? पण तो म्हणाला की अक्षरात अक्षर मिसळायला नको, तुझ्याच हातचं बराबर दिसेल. मी दौत घेऊन बसलो. एक-एक पत्रक समोर घ्यायचं आणि ‘स्वतःच्या माळवदावर उभे राहावयास’ ह्यावर काळी रेघ ओढायची. गठ्ठा संपता संपेना. तो समोर बसून बघत होता, मग त्याला बसवेना म्हणून दाराच्या चौकटीला धरून बैठका काढू लागला. हूं, हूं, हूं. प्रत्येक रेघेला एक हूं. त्याच्या ध्यानात तरी आलं असेल की नाही कोण जाणे.

तो गेला. भिंतीपलीकडं सामसूम झाली. पहिले काही दिवस मी ह्या शांततेत मजेत झोपलो. मला वाटलं, आता म्हैस आहे, दूध आहे, माय आहे, सगळं इथंच आहे, आणि तो नाही. मग एका पहाटे जाग आली आणि डोळ्यांपुढे आलं की तो आत्ता जाफराबादकडे कुणाच्या तरी गोठ्यात आहे. कुणाची तरी माय पारडू धरून उभी आहे, त्याच्याकडे कौतुकानं बघते आहे, आणि त्याच्या खिशात माझं पत्रक आहे. ती त्याला विचारते आहे, हे तू लिहिलंस का रे? तो काय सांगत असेल?

मला पडून राहवेना. मी उठलो आणि गोठ्यात गेलो.

माय चरवी घेऊन आली तेव्हा माझे जोर चालू होते. तिनं पाहिलं. पारडू लावलं. थांबली. माझा श्वास चुकत होता. तिनं पारडू ओढून खुंट्याला बांधलं आणि पाठीमागून तिचा आवाज आला, “शेण बी काढायचं असतंय.”

मी शेण काढलं. दुसऱ्या दिवशीही काढलं. त्या पहाटेपासून आजपर्यंत, गावात असेन तर मी गोठ्यात असतो आणि दुसऱ्या गावी असेन तर त्या घरच्या गोठ्यात. कंटाळा येतो तेव्हा मी आरोग्याचा विचार करत नाही, देशाचाही नाही. मी त्याचा सदरा आठवतो, बगलेत उसवलेला. लगेच उठता येतं.

त्या पहिल्या पहाटे धार संपल्यावर मायनं दुधाचा लोटा माझ्या हातात दिला. कोमट होता, फेसही होता. पण काठापासून चांगला बोटभर रिकामा होता. त्याला ती काठोकाठ द्यायची. मी बघितलेलं आहे.