चांगुणाबाईचा अरबी अर्ज

शिवहारचं डीटीपीचं दुकान हिंगोलीच्या बसस्टँडसमोर होतं. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची पत्रकं, निवडणुकीत उमेदवारांची हात जोडलेली पत्रकं, असलं काम. दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात पुसेगावची चांगुणाबाई एक कागद घेऊन आली आणि हे मशिनीवर लिहून दे म्हणाली. कागद अरबीत होता. शिवहारला मराठी शुद्धलेखनाचेच वांधे, तिथं अरबी कुठली येणार?

बाईची हकीकत थोडक्यात होती. तिचा नवरा संपतराव चार वर्षांपूर्वी मेंढरं राखायला सौदीला गेला. करार दोन वर्षांचा. मुदत संपली तरी मालक पासपोर्ट देईना. तिकडेच ड्रायव्हर असलेल्या गावच्या हनुमाननं खटपट करून कामगार कचेरीत तक्रार लावली. हिंगोलीतल्या एका मौलवीसाहेबांनी बाईच्या वतीनं अर्ज हातानं लिहून दिला. तो फॅक्सनं गेला, पण तिकडे नुसते काळे डाग उमटले. आता टाईप केलेला हवा होता. सोमवारी सुनावणीची तारीख, आणि ती चुकली तर मालक मेंढरांसकट संपतरावला लांब वाळवंटात हलवणार. मौलवीसाहेब भावाच्या आजारपणापायी हैदराबादला गेलेले. आणि वार होता बुधवार.

होत नाही म्हणून मोकळं व्हावं, असं शिवहारच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाई उंबऱ्यातच उभी होती, बसलीसुद्धा नव्हती. ‘नाही’ ऐकायची सवय झालेली माणसं अशी उभी राहतात. त्यानं तिला खुर्ची दिली आणि तिथंच तो फसला.

गुरुवार सगळा कीबोर्ड लावण्यात गेला. सेटिंगमध्ये अरबीपुढं खूण केली की कॉम्प्युटर विंडोजची सीडी मागायचा, आणि ती सीडी ज्यानं मशीन बसवलं त्याच्याकडे नांदेडला. शेवटी ओळखीच्या कंडक्टरनं ती आणून दिली. मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कोपऱ्यात अरबीची खूण म्हणून ‘एआर’ उमटलं. पण बटणांवर इंग्रजीच अक्षरं. मग पडद्यावरचा कीबोर्ड बघून शिवहारनं चिठ्ठ्यांवर अरबी अक्षरं गिरवली आणि डिंकानं एकेका बटणावर चिकटवली. अरबी उजवीकडून लिहितात तसा कर्सर उजवीकडे जाऊन बसला, तेव्हा शिवहार उगाचच खूश झाला.

शुक्रवारी खरी पंचाईत झाली. कागदावरची निम्मी अक्षरं बटणांवर नव्हतीच. एकच बटण तीनदा दाबलं तर तीन वेगळे आकार उमटायचे. मशीन बिघडलं, असं ठरवून शिवहारनं हात टेकले. मागं बसलेली चांगुणाबाई इतका वेळ गुपचूप बघत होती. ती उठली आणि तिनं पडद्याला बोट लावलं.

"ते बिघडलं न्हाई. एकच हाय. मेंढरू कातरलं म्हंजे दुसरं होतं का? कानाची खूण बघ, लेकरा. ह्याला खाली एक टिंब, त्यालाबी खाली एकच टिंब."

शिवहारनं बघितलं. बाई बरोबर बोलत होती. शेजाऱ्याशी जुळताना अक्षर अंग बदलत होतं, टिंबं मात्र जागची हलत नव्हती. दोनशे मेंढरांच्या कळपात आपलं कोकरू ओळखणाऱ्या बाईला तीसेक अक्षरं म्हणजे काय? त्यानंतर ती कागदावर बोट ठेवायची, मग बटणावर, आणि शिवहार दाबायचा. पदवीधर माणूस निरक्षर बाईच्या हाताखाली काम करत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. छापलेलं पान तिनं कागदाशेजारी धरून तीनदा तपासलं, दोन ठिकाणी बदलायला लावलं. शनिवारी दुपारी फॅक्स गेला. त्यातलं एक अक्षरही दोघांना वाचता येत नव्हतं. आपण भलतंच काही लिहून माणूस अडकवला तर नाही ना, या धास्तीनं शिवहारला दोन दिवस जेवण गेलं नाही.

सोमवार गेला. नंतर पाच आठवडे काहीच कळलं नाही. आणि एके दुपारी चांगुणाबाई दुकानात आली, मागं एक वाळलेला माणूस. शिवहारनं चहा मागवला.

संपतराव कप हातात धरून बोलू लागला. कचेरीतल्या साहेबानं अर्ज मोठ्यानं वाचला, तिथल्या एकानं तो हिंदीत सांगितला, आणि मालकाला पासपोर्ट टेबलावर ठेवावा लागला. "चार वर्सं मला वाटून राहिलं व्हतं, घरी मला मेला म्हनून सोडलं आसंल," तो म्हणाला. "त्या कागदात माझं नाव निघालं. घरचं कुनीतरी माझ्यासाठी भांडून राहिलंय, हे मला तवा कळलं." आणि तो दुकानातच रडायला लागला. शिवहारचेही डोळे भरले.

चांगुणाबाईनं पदर डोळ्यांना लावला नाही. तिनं त्याच्या हातातला कप सरळ केला.

"च्या प्या आधी," ती म्हणाली. "साडेचारची गाडी हाय."